फुलाची पाठ

नामपूर,
२१ जून १९९९

ती. दादा,

नवसा पाया पडते. मामाही पडला असता, पण तो पोटात उजव्या अंगाला बसलाय, त्याला वाकता येत नाय. त्याचा नमस्कार माझ्यातच धरून घे.

काल मामाला माझ्याकडे येऊन नऊ वर्षं झाली. दरसालप्रमाणे शिरा केला. ह्यांनी आडतीवरून येताना पेढे आणले, संतोषनं देवापुढे ठेवले आणि शुभांगीनं सवयीनं विचारलं, आई, आज मामा काय म्हणतोय? आता अकरावीला जाईल, पण विचारल्याशिवाय राहत नाय. तुला आठवतं ना, मी मुंबईहून आले तेव्हा ती एवढीशी होती. तुझ्या पोटात काय घातलं म्हणून विचारायला लागली. मी सांगितलं, तुझ्या सहादूमामाची किडनी घातली. तेव्हापासून तिचं नावच मामा पडलं. आता अख्ख्या आळीत तेच चालतं. शेजारची कलाबाई भिंतीवरून विचारते, मामा कसा शे? मी म्हणते, बरा शे, पाणी मागतोय. मग तांब्याभर पाणी पिते. धुळ्याच्या डॉक्टरांनी पाणी भरपूर प्यायला सांगितलंय, पण तहान नसताना प्यायचं जिवावर येतं. मामाला पाणी पाजायचं म्हटलं की पिववतं.

एक गंमत लिहायची राहिली. ते स्वप्न परत पडलं. मी आपली मळ्यात शेवंतीच्या सरीतून चाललेय, दव पडलंय, पायाला गार लागतंय. हातात पाटी आहे. आणि माझी चाल तुझी आहे, डावा पाय जरा फेकून टाकते, तू टाकतोस ना तशी. पुढं काहीच होत नाय. नुसती चालत राहते आणि सरी संपत नाय. जागी झाले की घरभर फुलांचा वास येतो असं वाटतं. हे म्हणतात, अगं बाई, चाळीतल्या कांद्याचा वास आहे तो. असेना का. मला लय बरं वाटतं.

फोन कर म्हणतोस, पण फोन ह्यांच्या गाळ्यावर, तिथं दहा माणसं कान टवकारून बसलेली. आपल्याला चिठ्ठ्यांचीच सवय. मुंबईला मी काचेच्या खोलीत, तू खालच्या वॉर्डात, आणि नर्सबाई चिठ्ठ्या खालीवर करायची. तुझी पहिली चिठ्ठी अजून जपून ठेवलीय. 'तो तिकडे नीट राहतोय ना? त्रास दिला तर कळव.' टाके ओले होते आणि मला हसू आवरेना.

वहिनीला आणि जीवनला आशीर्वाद-नमस्कार जसे लागतील तसे वाटून दे. राखीला येते.

तुझी नवसा


मखमलाबाद, नाशिक
११ जुलै १९९९

चि. नवसा,

तुला आणि तुझ्या पाहुण्याला आशीर्वाद. शिरा लांबूनच पोचला.

उत्तराला उशीर झाला, कारण माझा डावा हात मोडलाय. घाबरू नकोस. झेंडूची पाटी उचलून डोक्यावर घेताना काडकन वाजलं आणि हात खाली आला. पाटी काही फार जड नव्हती. आपलं वय झालं म्हणायचं, दुसरं काय. प्लॅस्टर घातलंय. जीवन आणि तुझी वहिनी कुसा दोघं मळा बघतात, मी बांधावर बसून हुकूम सोडतो. तोडणीच्या वेळी सगळ्या बाया खाली वाकलेल्या असतात, धुकं असतं, नुसत्या पाठी दिसतात आणि आवाज ऐकू येतात. इतकी वर्षं मीही त्यात वाकलेलो होतो, त्यामुळे हे चित्र कधी पाहिलंच नव्हतं. फार छान दिसतं. हात मोडल्याचा तेवढा फायदा.

राखीला येऊ नकोस. इकडे तापाची साथ आहे, घरटी एक माणूस झोपलेलं आहे. तुझ्या त्या गोळ्यांनी तुला काहीही चटकन लागतं, उगाच जोखीम नको. राखी पाकिटातून पाठव. मोडक्या हाताला बांधून घेतो.

आणि एक विचारायचं होतं. तुझी पोटाची सोनोग्राफी शेवटची कधी झाली? रक्त तपासतात ते मला माहीत आहे, मी सोनोग्राफीचं विचारतोय. लघवी लाल वगैरे होते का? झोपल्यावर हाताला कुठे कडक लागतं का? सहज विचारतोय. टीव्हीवर काहीतरी दाखवत होते.

स्वप्न मलाही पडतं. पण माझ्या स्वप्नात तुमची कांद्याची चाळ असते. मी आत काहीतरी शोधत असतो आणि वरून कांद्याची सालं पडत असतात, हळूहळू, गुलाबी. काय शोधतोय तेच आठवत नाही.

सहादू


नामपूर,
२ ऑगस्ट १९९९

दादा,

तू मला खोटं लिहिलंस. राग आहे, पण तो भेटीत काढीन.

फकिरा ओळखतोस ना, ह्यांचा कांदा नाशकाला नेणारा टेंपोवाला? त्यानं तुला मोठ्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर पाहिलं. वहिनी भिंतीकडे तोंड करून रडत होती म्हणे. त्यानं आत जाऊन चौकशी केली तर वॉर्डबॉय म्हणाला, किडनीचं आहे. एवढंच कळलं त्याला. पण मला पुरलं.

मी तुझं पत्र परत काढून वाचलं. सोनोग्राफी कधी झाली, लाल होते का, कडक लागतं का. आधी वाटलं, दादा काळजीनं विचारतोय. आता कळलं. तुझी तिकडची राहिलेली एक किडनी गेली आणि तू विचारतोयस की मामा शाबूत आहे का. सरळ मागायला तुला जड जातंय. मला ओळखू नये का? माझ्याकडे मागायला तुला टीव्ही लागतो?

तर ऐक. मामा शाबूत आहे. मी ह्यांच्याशी बोलले. हे गाळ्यावरून दुपारीच घरी आले, माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, नवसा, ज्याचं त्याला द्यायचं असेल तर मी मध्ये पडणार नाय. डोळे पुसून परत गेले. मी काय, आधी दहा महिने मशीनवर जगलेच होते, परत जगेन. तेव्हा पोरं लहान होती म्हणून जीव अडकला होता. आता संतोष हाताशी आलाय.

गेले आठ दिवस मी पाणी दुप्पट पितेय. बाजाराला न्यायच्या आधी तू फुलांवर पाणी शिंपडतोस तसं. मामा माहेरी जायचा तर टवटवीत जायला पाहिजे. मीठ बंद केलंय. कलाबाई म्हणाली, तुझा चेहरा का उतरलाय? मी म्हटलं, मामाला निरोप द्यायचाय, म्हणून.

कधी येऊ ते कळव. ताप असू दे नाहीतर काय असू दे.

नवसा


मखमलाबाद,
९ ऑगस्ट १९९९

नवसा,

पोस्टाची वाट न बघता हे पाकीट फकिराच्या हाती देतोय. एकटी बसून वाच.

तुझं पत्र कुसानं मला वाचून दाखवलं. मामा माहेरी जायचा तर टवटवीत, इथपर्यंत आली आणि तिला पुढे वाचता येईना. मग मी वाचलं. बाई गं, मला ती परत नको आहे. माझी किडनी चांगली आहे. डॉक्टरांनी दोनदा तपासली, काचेसारखी स्वच्छ आहे म्हणाले. गोष्ट वेगळीच आहे आणि ती तुझ्या कल्पनेपेक्षा वाईट आहे.

हात पाटीनं मोडला नाही. हाडात गाठ होती, तिथं हाड पोखरलं होतं. तुकडा तपासायला पाठवला. उत्तर आलं, कॅन्सर आहे आणि तो किडनीचा आहे. हाडात आहे तरी पेशी किडनीच्या आहेत, असं त्यांना दुर्बिणीतून दिसतं. मग छातीत पाहिलं, तिथंही तीन ठिपके. तेही तसलेच. मग सगळे मूळ शोधायला लागले आणि मूळ कुठेच सापडेना. जिथून निघाला असं म्हणतात तिथं काहीच नाही.

मग डॉक्टरांना माझ्या कुशीवरचा व्रण दिसला. दुसरी किडनी कुठे आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, मुतखडा झाला होता, काढली, फेकून दिली. कुसा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तोंडातून खोटं आपोआप निघालं, कारण पुढचा प्रश्न, मग ती आता कुणाच्या पोटात आहे, मला आधीच ऐकू आला होता. डॉक्टर भला माणूस. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, मग मूळ बहुतेक त्या काढलेल्या किडनीतच असणार, गेली ते बरं झालं.

गेली ते बरं झालं. हे वाक्य घेऊन मी पाच आठवडे बांधावर बसलोय.

परवा मला राहवलं नाही. मी जाऊन खरं सांगितलं. ते खुर्चीतून उठले. म्हणाले, अहो, बहिणीला आजच्या आज कळवा. ती ज्या गोळ्या घेते त्यांनी शरीराची राखण कमी होते, तिच्यात काही असेल तर ते वाढायला मोकळं रान आहे.

तर आता तू मुंबईला जा, जिथं ऑपरेशन झालं तिथं. दाजींना सांग. आत बघायला सांग. काही सापडलं तर क्षणाचाही विचार न करता काढून टाकायला लाव. आणि तोवर त्याला मामा म्हणू नकोस. मला ते ऐकवत नाही.

सहादू


नामपूर,
१२ सप्टेंबर १९९९

दादा,

महिना झाला. तू दोनदा गाळ्यावर फोन केलास आणि हे म्हणाले, नवसा बरी आहे. त्यांना काही माहीत नाय. तुझं पत्र मी ज्वारीच्या डब्यात खाली घातलंय. तुझी किडनी ठीक आहे, माझा गैरसमज झाला, एवढंच त्यांना सांगितलं. बिचारे इतके खूश झाले की जिलेबी आणली.

मी गेले नाय. जाणारही नाय.

रागावू नकोस, समजून घे. मी मरायला भीत नाय आणि मशीनलाही भीत नाय. मला दुसरीच भीती वाटते. समज, मी गेले आणि त्यांनी बघितलं आणि सापडलं. मग ते मला काहीतरी करतील, करोत. पण तुला कळेल. तुला कळल्याशिवाय राहणार नाय. आणि तू तिकडे पडल्या पडल्या रोज म्हणशील, मी माझ्या बहिणीला रोग दिला. तेच घोकत जाशील. दादा, तू आईबापाच्या माघारी मला वाढवलंस, लग्न करून दिलंस, वर पोटातलं काढून दिलंस. तुला तसं जाऊ देऊ का मी? न बघितलेलं आहे तोवर ते चांगलंच आहे. मला तुझ्यासाठी ते तसंच ठेवायचंय.

स्वप्न अजून पडतं. सरी अजून संपत नाय. परवा मात्र एक बदल झाला. पुढं कोणीतरी वाकून फुलं तोडत होतं, पाठमोरं. मी हाक मारली नाय. वाटलं, हाक मारली तर जागी होईन.

आणि मुतखडा काय? मुतखडा? माझ्या मामाला मुतखडा म्हणालास?

नवसा


मखमलाबाद,
१७ सप्टेंबर १९९९

नवसा,

तू लहानपणी हट्ट करायचीस तेव्हा मी तुला विहिरीच्या काठावर बसवून गोष्ट सांगायचो. आता तू तिकडे, मी इकडे. तरी बस जरा.

तुला आठवतं, बाबा आपल्याला देवळाची फुलं तोडायला कसं शिकवायचे? पहिलं, वास घ्यायचा नाही. देवाला द्यायच्या फुलाचा वास आपण घ्यायचा नसतो. माझी सगळी हयात फुलांत गेली, पण देवळाच्या पाटीतलं फूल मी कधी नाकाला लावलं नाही. आणि दुसरं, प्रत्येक फूल उलटं करून बघायचं. समोरून कुठलंही फूल चांगलंच दिसतं. कीड असते ती पाठीला, देठापाशी. तू कंटाळायचीस. म्हणायचीस, एवढ्या फुलांतलं एक किडकं निघालं तर देवाला काय कळतंय? बाबा चिडायचे नाहीत. म्हणायचे, देवाला कळायचं राहू दे, देणाऱ्याला कळलं पाहिजे.

मी आयुष्यात एवढी फुलं दिली, सगळ्यांची पाठ बघून दिली. तुला जे दिलं त्याची तेवढी मला बघता आली नव्हती. ते माझ्या आत होतं. डॉक्टरांनी चांगली आहे म्हटलं, मी दिली.

तू म्हणतेस, न बघितलेलं चांगलं. तुझं चांगलं असेल. माझं नाही. मी रोज पहाटे बांधावर बसतो, बाया फुलं तोडतात, उलटी करतात, पाटीत टाकतात, आणि मला वाटतं एक फूल कुणी उलटं केलेलं नाही. सापडलं तर मी रडेन, नवसा. पण तू वाचशील, आणि मग मी रडून मोकळा होईन. न सापडलं तर ते तुझं-माझं भाग्य. पण असं अर्धवट मला जाता येणार नाही. तुला मला सुखानं पाठवायचंय ना? मग माझ्या वतीनं तेवढी पाठ बघ.

हात आता दुखतो. किरणं देतात त्यानं झोप येते. दुपारभर अर्धवट झोपेत असतो. खिडकीतून वारा आला की गुलछडीचा वास येतो, आणि ती पाटी देवळाची नाही, बाजाराची आहे, हे आठवलं की मी तो मनसोक्त घेतो.

सहादू


नामपूर,
४ ऑक्टोबर १९९९

ती. दादा,

तुझं ऐकलं. मुंबईला जाऊन आले. काही नाय. वाटाण्याएवढंही नाय. डॉक्टर म्हणाले, अशी सुरेख किडनी आम्ही क्वचित बघतो.

मोठं पांढरं चाक असतं, त्यात झोपवतात. आत इतकं गार आणि शांत होतं की मला गाढ झोप लागली. आणि काय सांगू, तिथंही तेच स्वप्न पडलं. शेवंतीची सरी, दव, सगळं. या वेळी सरी संपली. शेवटाला विहीर होती आणि तू काठावर बसला होतास. मी म्हटलं, बघ, किडकं नाय. तू हसलास. मग जागी झाले तर बाई म्हणाल्या, उठा, झालं.

आता मनातलं सगळं काढून टाक. हात जप. मामाला मामा म्हण.

नवसा


मखमलाबाद,
९ ऑक्टोबर १९९९

नवसा,

फार सुंदर स्वप्न लिहिलंस. मी ते तीनदा वाचलं. कुसालाही वाचून दाखवलं.

पण मी त्या पांढऱ्या चाकातून चार वेळा जाऊन आलोय. त्यात झोप लागत नाही. कुणालाच लागत नाही. दर थोड्या वेळानं आतून एक बाई ओरडते, श्वास धरा. मग, श्वास सोडा. परत धरा. ऐकलं नाहीस तर चित्र हलतं आणि सगळं पहिल्यापासून करतात. तू गेली नाहीस.

मी तुला महिनाभर हात पाटीनं मोडला असं भासवत राहिलो. खोटं कसं लिहितात ते मला चांगलं कळतं, प्रेमानं लिहिलेलं तर जास्तच.

मी रागावलेलो नाही. पण आता शब्द नकोत. तिथं एक काळी फिल्म देतात, त्यावर नाव आणि तारीख असते. ती मला पाहिजे. मी फार दिवस थांबू शकेन असं वाटत नाही.

सहादू


नामपूर,
१६ ऑक्टोबर १९९९

दादा,

पकडलंस. गेले नव्हते. चाकाचं कलाबाईच्या भावजयीकडून ऐकलं होतं, झोपेचं मी माझं घातलं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी डब्यातलं पत्र काढून ह्यांच्या पुढ्यात ठेवलं. ह्यांनी वाचलं. कपडे चढवले, गाळ्याची किल्ली संतोषच्या हातात दिली आणि म्हणाले, चल. मंगळवारी झालं. खरंच ती बाई ओरडते रे. श्वास धरा, श्वास सोडा. मी धरत होते, सोडत होते, आणि स्वप्न-बिप्न काही नव्हतं, नुसतं पांढरं छत होतं. इतकं जागं मी आयुष्यात राहिले नव्हते. एकदा धरलेला श्वास सोडायचाच विसरले, तेव्हा ती दोनदा ओरडली.

डॉक्टरांनी तुझे सगळे कागद नाशिकहून मागवून घेतले, फिल्म उजेडावर लावली, आणि लय वेळ बघत बसले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग ते काय म्हणाले ते मी लिहीत नाय. माझ्या शब्दावर तू विश्वास ठेवू नकोस. फिल्म फकिराच्या हाती देतेय, त्यांच्या सहीचा कागद आत आहे. पुठ्ठ्यात घातलीय, वाकवू नकोस म्हणून त्याला तीनदा बजावलंय.

नवसा


मखमलाबाद,
२२ ऑक्टोबर १९९९

नवसा, माझी बाई,

फकिरा दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला. मळ्यात झेंडूची तोडणी चाललेली, पाऊल ठेवायला जागा नव्हती. त्यानं पुठ्ठा असा दोन्ही हातांवर धरून आणला की बायांना वाटलं लग्नाचा फोटो आलाय. मी तेव्हा उघडला नाही. उशाशी ठेवला. दसऱ्याच्या सकाळी सूर्य वर आला तेव्हा जीवनला म्हटलं, मला बांधावर ने.

कागद आधी वाचला. मग फिल्म उन्हात धरली. मला काय कळतंय त्यातलं. काळ्यात पांढरं, पांढऱ्यात करडं, वीस चौकोन. पण डॉक्टरांनी पेनानं एक गोल केला होता, त्यात ते दिसलं. घेवड्याच्या दाण्यासारखं. नवसा, मला ओळख पटली. कशी ते सांगता येत नाही. नऊ वर्षांनी दिसलं आणि ओळखीचं वाटलं. फिल्मच्या आरपार झेंडूचा मळा दिसत होता, सगळा केशरी, आणि त्यात ते शांत बसलेलं. मी फिल्म उलटी करून मागूनही पाहिली. जीवन म्हणाला, आबा, मागून तेच दिसतं. मी म्हटलं, असू दे, तरी बघायचं असतं.

स्वच्छ आहे. मी तुला चांगलं दिलं. मी तिथंच बसून रडलो आणि सगळ्या बाया तोडणी थांबवून बघत राहिल्या.

मग मूळ कुठे आहे? डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काही थोड्या लोकांत ते मिळतच नाही. कधी ते इतकं बारीक असतं की दिसत नाही, कधी बाकी सगळीकडे पसरून स्वतः विरून जातं. आणखी तपासण्या करू का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नको. माझ्यात असेल कुठेतरी, नाहीतर कुठेच नसेल. तुझ्यात नाही, एवढं मला पुरे आहे. मला तेवढंच पाहिजे होतं.

चाळीचं स्वप्न काल पडलं. सालं पडत होती. मी काही शोधत नव्हतो, नुसता उभा होतो.

आता त्याला मामा म्हणायला माझी हरकत नाही. आणि भाऊबीजेला ये. तोंडाला फडकं बांधून ये, पण ये. साथ वगैरे काही नव्हती.

तुझा दादा


नामपूर,
३० ऑक्टोबर २०००

सौ. लिहायची सवय हातातून जात नाय, म्हणून नुसतंच लिहिते, वहिनी,

तुमचं पत्र आणि गुलछडीचा पुडा मिळाला. फुलं दोन दिवस टिकली. दादाला जाऊन आठ महिने झाले, पण मळा तुम्ही आणि जीवननं पडू दिला नाय हे वाचून बरं वाटलं. ती फिल्म पडवीच्या खिडकीला आहे ना? तिथंच राहू द्या. सकाळचं ऊन त्यातून येतं म्हणालात, तेवढं मला पुष्कळ आहे.

काल भाऊबीज होती. मागच्या साली मी फडकं बांधून त्याला ओवाळलं, आणि तो म्हणाला, नवसा, डाकूच्या हातून ओवाळून घेतोय असं वाटतं. आठवतं ना तुम्हाला? तुम्ही हसता हसता ताटातलं तेल सांडलंत.

काल दिवसभर मी काहीच केलं नाय. संध्याकाळी शुभांगीनं ताट केलं, निरांजन लावलं आणि माझा हात धरून अंगणात न्यायला लागली. म्हणाली, आई, भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात. चंद्र आला होता वर, नखाएवढा. मी जोत्याच्या पायरीवर थांबले. म्हटलं, नको. ज्यांचा भाऊ लांब असतो त्यांनी चंद्राला ओवाळावं.

मग घरात येऊन पाट मांडला, रांगोळी काढली आणि मीच पाटावर बसले. शुभांगीला कळेना, मग कळलं. ताट तिच्या हातात होतं ते मी घेतलं. माझ्या उजव्या अंगाला, जिथं व्रण आहे तिथं, लुगड्यावरून कुंकवाचं बोट लावलं, तांदूळ लावले, आणि तीनदा ओवाळलं. हे दारात उभे होते. त्यांनी टोपी काढली.

ओवाळणी काय घेतली, शुभांगीनं विचारलं. मी म्हटलं, ती दहा वर्षांपूर्वीच मिळाली, पाठ बघून घेतलीय. मग तांब्या भरून आणायला सांगितला, आणि सगळं पाणी प्यायले.

नवसा